तट नसलेला किल्ला

दिवाळीच्या सुटीत साताऱ्याहून आलेला माझा नातू एका सकाळी मला म्हणाला, "आजोबा, फोर्ट म्हणजे किल्लाच ना? मग तट कुठे आहे?" साताऱ्याच्या अंगणात त्याने नुकताच दगडमातीचा किल्ला केला होता, तेव्हा प्रश्न अधिकाराने विचारलेला होता. उत्तर घरी बसून देण्यासारखे नव्हते. फराळ आटोपून आम्ही दोघे बोरीबंदरला उतरलो.

तट होता, हे खरेच. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत, १८६० नंतरच्या दशकात, तो पाडला गेला. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैसा खेळत होता आणि तटाची जागा मोकळी झाली होती. त्या मोकळ्या जागेवर आणि तिच्या आसपास पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या इमारती उठल्या, त्याच आज आपण मुंबईची शोभा म्हणून पाहुण्यांना दाखवतो.

स्टेशनाच्या दर्शनी भिंतीपाशी आम्ही थांबलो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ही वास्तू १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे बांधली जात होती. तिच्या अंगावरची पाने, पक्षी आणि माणसांचे मुखवटे घडवण्यात मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थीही होते. नातवाचे लक्ष मात्र रंगाकडे गेले. "आपल्याकडचा दगड तर काळा असतो. हा पिवळा कसा?"

प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरासाठी सहा-साडेसहा कोटी वर्षे मागे जावे लागते. त्या काळी दख्खनची भूमी जागोजाग फाटली आणि तप्त लाव्हा थरांवर थर पसरत गेला. पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले तोही हाच सुमार. आपला सह्याद्री, रायगडचा कडा आणि आजीचा पाटा-वरवंटा ही सारी त्या लाव्ह्याचीच लेकरे. हा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्यात लोह आणि मॅग्नेशियम भरपूर, म्हणून तो काळानिळा आणि वजनाला भारी. मुंबईचे खडक त्या महाउद्रेकाच्या अखेरच्या पर्वातले. इथे काही ठिकाणी निराळा रस वर आला. त्यात सिलिका अधिक, लोह कमी, म्हणून थिजल्यावर तो फिकट पिवळसर दिसू लागला. भूशास्त्रज्ञ त्याला ट्रॅकाइट म्हणतात, पाथरवट त्याला मालाडचा दगड म्हणून ओळखतो.

दोन उद्रेकांमध्ये बराच काळ शांततेचाही जाई. तेवढ्यात तळी साचत, गवत उगवे. वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात अंगठ्याएवढ्या बेडकांचे सांगाडे सापडले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. हे ऐकताच नातवाला तट वगैरे सारे विसरायला झाले.

तिथून चालत आम्ही हायकोर्टाकडे गेलो. १८७१ ते १८७८ या काळात कर्नल फुलर यांनी उभारलेली ही इमारत काळ्या दगडाची, ५६२ फूट लांबीची. शेजारीच राजाबाई टॉवर, तोही १८७८ सालीच पुरा झालेला. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले. या भागातल्या कोरीव नक्षीसाठी आणखी एक दगड आणला गेला, तो पोरबंदरचा. तो लाव्ह्याचा नव्हे. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचे आणि शिंपल्यांची वाळू चुन्याने बांधली जाऊन तो झाला. छिन्नीला तो मऊ, म्हणून कारागिराचा लाडका. पण पावसातले आम्ल आणि शहराचा धूर त्याला मानवत नाही. नक्षीची धार पहिल्यांदा मोडते ती त्याचीच.

वस्तुसंग्रहालयात करडा कुर्ल्याचा आणि पिवळा मालाडचा असे दोन्ही दगड शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. शेवटी आम्ही गेटवेपाशी टेकलो. त्याचा दगड मालाडजवळच्या खारोडीचा. १९२४ मध्ये काम पुरे झाले.

"हे सगळे दगड घडवले कोणी?" नातवाने विचारले. वास्तुविशारदांची नावे पुस्तकांत आहेत. तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांचे नाव कामाठीपुऱ्याला तेवढे राहिले. ज्यांनी सुरुंग लावले, चिरे घडवले, ते उन्हात परातीवर परात चढवून गेले. त्यांच्या छिन्नीचे घाव तेवढे भिंतीवर आहेत.

एक गोष्ट मी त्याला शेवटी सांगितली. ज्या टेकड्यांतून हा दगड निघाला, त्यांतल्या कित्येकींवर आता वस्ती आहे. तसा पिवळा चिरा हवा म्हटले तर आज सहजी मिळत नाही. आणि चुन्यात बसवलेल्या दगडांच्या सांध्यांत कोणी घाईने सिमेंट भरले, तर आत मुरलेल्या पाण्याला वाट राहत नाही आणि दगडाचेच टवके उडू लागतात. म्हणजे राखायचे ते आहे तेच राखले पाहिजे. २००४ मध्ये बोरीबंदरच्या स्टेशनाला आणि २०१८ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा मान मिळाला, पण मानपत्राने सांधे भरत नाहीत.

परतताना गाडीची वेळ झाली होती, तरी पोरगा स्टेशनाच्या भिंतीपाशी पुन्हा थांबला. पिवळ्या चिऱ्यावर तळहात टेकवून म्हणाला, "आजोबा, तट पाडला, पण किल्ला आहेच की!"

मला त्याला आणखी काही सांगावेसे वाटले नाही.