ओढणारी तार, ढकलणारी नळी

काही वर्षांपूर्वी, ऐन जुलै महिन्यात, वरंध घाटातल्या एका वळणावर आमच्या मोटारसायकलची क्लच केबल तुटली. लिव्हर हाताला एकदम हलकी लागली. क्लच सुटेना, ब्रेक दाबताच गाडी गचका खाऊन बंद पडली आणि मागून येणारी एसटी जेमतेम थांबली. घरी आल्यावर तुटलेले टोक उजेडात धरून पाहिले. केबलमधील बारीक तारांपैकी निम्म्याहून अधिक तारांची टोके गंजलेली होती. म्हणजे त्या तारा त्या दिवशी तुटल्याच नव्हत्या, कितीतरी आधी एकेक करून तुटल्या होत्या. केबल आपली अवस्था आम्हाला रोज सांगत होती, ऐकत नव्हतो ते आम्हीच.

ही साधी दिसणारी केबल दोन शोधांची जोडी आहे. गॅरेजमध्ये त्यांना ‘इनर’ आणि ‘आऊटर’ म्हणतात. आधी इनरची गोष्ट पाहू.

जर्मनीतील हार्त्स डोंगरात चांदीच्या खोल खाणी होत्या. खनिज वर काढण्यासाठी तेथे लोखंडी साखळ्या वापरत. साखळीची एक कडी तुटली की सगळा भार खाली कोसळे, आणि तेही कोणतीही पूर्वसूचना न देता. विल्हेल्म आल्बर्ट हा तेथील खाण-अधिकारी. साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार देऊन त्या किती वेळा टिकतात, याचे प्रयोग त्याने केले. एका वेळी सहज पेलणारा भार हजारो वेळा दिला की धातू थकतो आणि तुटतो, हे अशा प्रयोगांतून कळू लागले. मग 1834 साली आल्बर्टने लोखंडी तारांचा दोर वापरात आणला. त्यात प्रत्येकी चार तारांचे तीन पेड एकत्र वळलेले होते. या दोराचा मोठा गुण म्हणजे त्यातील एखादी तार तुटली तरी बाकीच्या भार पेलतात, आणि तुटलेले टोक बाहेर डोकावून धोका दाखवते. घाटात आम्हाला मिळू शकली असती ती सूचना हीच.

पण नुसत्या दोराने क्लच चालत नाही. वाकलेल्या मार्गाने ठेवलेली दोरी ओढली तर ती आधी सरळ होऊ पाहते. मग हँडल वळत असताना, वेड्यावाकड्या मार्गाने, ओढ इंजिनापर्यंत पोचवायची कशी? जुन्या काळ्या सायकलींचे दांडीचे ब्रेक आठवा. त्यांत प्रत्येक वळणावर सांधा आणि बिजागरी लागे, आणि प्रत्येक सांधा झिजून खडखडे.

याचे उत्तर अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन या आयरिश संशोधकाने शोधले. 1896-97 च्या सुमारास त्याने इंग्लंडमध्ये पेटंट मिळवले. अमेरिकेतील पेटंट 1898 चे आहे. त्याने तार एका लवचिक नळीतून नेली. ही नळी म्हणजे वेटोळ्याला वेटोळे चिकटवून गुंडाळलेली पोलादी तार होती. अशी घट्ट स्प्रिंग हवी तशी वाकते, पण वेटोळ्यांमध्ये फटच नसल्यामुळे ती दबून आखूड होत नाही. आतली तार जेवढ्या बलाने ओढते, तेवढ्याच बलाने बाहेरची नळी उलट दिशेने रेटते. न्यूटनचा तिसरा नियम येथे हातात धरून दाखवता येतो. नळीने रेटा सोसला नाही, तर तारेची ओढ वायाच जाईल.

या शोधाचे श्रेय पुष्कळदा सर फ्रँक बाउडेन यांना दिले जाते. ते रॅले या सायकल कंपनीचे संस्थापक होते. आडनाव एक आणि धंदाही सायकलचाच, तेव्हा गोंधळ होणे साहजिक होते. परंतु पेटंट अर्नेस्टच्या नावावर आहे. 1904 साली तो वारला आणि प्रसिद्धी दुसऱ्याच्या वाट्याला गेली.

बाउडेनची केबल प्रथम सायकलच्या ब्रेकसाठी आली. सुरुवातीच्या कित्येक मोटारसायकलींना तर क्लचच नव्हता. चामडी पट्ट्याने इंजिन थेट चाकाला जोडलेले असे. स्वार गाडीबरोबर धावत इंजिन सुरू करी आणि उडी मारून बसे. गाडी थांबली की इंजिनही थांबे. पुढे क्लच आला, पण तो हातानेच चालवायचा असे काही ठरलेले नव्हते. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांवर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पायाने क्लच आणि हाताने गियर अशी रीत होती. क्लच डाव्या मुठीत स्थिरावला, तो बाउडेनच्या केबलमुळे. 1972 साली आलेल्या बजाज चेतकमध्ये तर डाव्या मुठीत क्लच आणि गियर दोन्ही होते. केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून गियरसाठी तेथे दोन केबली लागत, एक वर नेण्यासाठी आणि दुसरी खाली आणण्यासाठी.

आता केबल जड का होते ते पाहू. बंदरात खुंट्याला दोराचे दोन-तीन वेढे देऊन एक माणूसही मोठी होडी रोखून धरतो. या घर्षणाचे गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडले. वेढ्याचा कोन वाढतो तसे घर्षण बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते. आपली केबल लिव्हरपासून इंजिनापर्यंत एकूण 180 अंश वळते असे धरू. तेल घातलेल्या केबलचा घर्षणांक 0.1 असेल, तर इंजिनाकडे 10 किलोची ओढ पोचवायला लिव्हरकडे सुमारे 14 किलोची ओढ लागेल. केबल कोरडी किंवा गंजलेली असून घर्षणांक 0.2 झाला, तर हीच ओढ जवळजवळ 19 किलोवर जाईल. बोटे दुखतात ती या फरकामुळे.

घरच्या देखभालीचे नियम या इतिहासातूनच निघतात. इंजिन बंद ठेवून केबलचे वरचे टोक लिव्हरमधून सोडवावे. त्याभोवती प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा नरसाळ्यासारखा बांधावा, केबल उभी टांगावी आणि पातळ तेलाचे थेंब सोडावेत. खालच्या टोकातून तेल येईपर्यंत थांबावे. (नळीला आतून नायलॉनचे अस्तर असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे ते पाहावे.) लिव्हरचा खिळा पुसून त्याला ग्रीस लावावे. तारेच्या टोकाचे निपल लिव्हरच्या खाचेत सहज फिरले पाहिजे. ते अडकले, तर प्रत्येक दाबाला तार त्याच जागी वाकते आणि आल्बर्टच्या साखळीप्रमाणे थकते. तेथे एक जरी तार तुटलेली दिसली, तरी केबल बदलावी. आणि आऊटर गंजलेली किंवा मोडलेली असेल, तर नुसती इनर बदलून उपयोग नाही.

शेवटी लिव्हरला थोडी मोकळीक ठेवावी, साधारण 2-3 मिलिमीटर किंवा पुस्तिकेत दिली असेल तेवढी. येथे एक गंमत आहे. केबल ताणली की मोकळीक वाढते. उलट, बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या चकत्या झिजल्या की ती कमी होते. अजिबात मोकळीक उरली नाही, तर चकत्या पुरत्या दाबल्या जात नाहीत, घसरतात आणि जळतात. मोकळीक तपासताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे.

सायकलच्या दुकानातून टाकाऊ ब्रेक केबल आणून वर्गात हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. आधी मऊ प्लॅस्टिकच्या नळीतून दोरी ओवावी, नळीची दोन्ही टोके धरावीत आणि दोरी ओढावी. नळी वेडीवाकडी होऊन आखडेल. मग खरी केबल द्यावी. नळीचे टोक धरणाऱ्या विद्यार्थ्याला हाताला रेटा जाणवला, की बाउडेनचा शोध त्याला समजला. खांद्याच्या हालचालीने चालणाऱ्या कृत्रिम हातातही हीच केबल असते, हे त्याच वेळी सांगावे. तेथे तार तुटली, तर नुसती गाडी थांबत नाही, माणसाचा हात थांबतो.