तळटीप : ‘दीनमित्र’

१. ‘दीनमित्र’ – मजकुरात नुसतेच नाव आले आहे, म्हणून हा खुलासा. नेवासा तालुक्यातील तरवडी या खेड्यातून निघणारे हे सत्यशोधक विचारांचे साप्ताहिक होते. संपादक मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७). पहिला अंक २३ नोव्हेंबर १९१० रोजी सोमठाणे येथून निघाला. पुढे बिऱ्हाड तरवडीला आले. १८८८ साली गणपतराव पाटलांनी काढलेल्या मासिकाचे नाव मुकुंदरावांनी पुढे चालवले. त्यांचे जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केला होता. वृत्तपत्राचे व्रत घरातच होते.

मराठी पत्रे पुण्या-मुंबईकडे पाहून लिहिली जात, त्या काळात या पत्राने शेतकऱ्याला डोळ्यांपुढे ठेवले. सावकारी, कुलकर्णी वतन, भिक्षुकशाही, अस्पृश्यता हे त्याचे नेहमीचे विषय. भाषा चावडीवरची, कोणालाही कळेल अशी. ‘कुलकर्णीलीलामृत’ आणि ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ ही मुकुंदरावांची पुस्तकेही याच तळमळीतून आली.

खेड्यात छापखाना चालवायचा म्हणजे शाई-कागद बाहेरून आणायचा, खिळे हातांनी जुळवायचे आणि अंक टपालात घालायचे. हा संसार मुकुंदरावांनी १९६७ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे रेटला. म्हणून ‘दीनमित्र’ला केवळ ‘स्थानिक पत्र’ म्हणणे अपुरे आहे. ग्रामीण महाराष्ट्र स्वतःच्या आवाजात बोलू लागला, त्याचा हा अस्सल दस्तऐवज आहे. – संपादक