गिरणी-कामगार आणि नुकसानभरपाई
सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हा यंत्रात हात गमावलेल्या मजुरास मालकाकडून भरपाई मिळविणे जवळजवळ अशक्य होते. १८५५ च्या कायद्याने मृताच्या वारसांस दावा लावता येई. पण मालकाची कसूर सिद्ध करण्याचे ओझे विधवेच्याच शिरावर असे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला आणि हे ओझे उतरले. अपघात कामावर असताना व कामामुळेच घडला, एवढे दाखविणे सामान्यतः पुरेसे ठरले. मृत्यूची भरपाई तर कमिशनरांकडेच भरावी लागे. मालकाने परस्पर थोड्या पैशांवर वारसांची बोळवण करावी, ही वाट त्यामुळे बंद झाली. गेलेला हात परत येत नाही, हे खरे. परंतु त्याचे मोल मागणे ही याचना उरली नाही, तो हक्क झाला.