हृदयविकाराचा झटका : भारतातील गरीब रुग्ण
हृदयाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकून स्नायूचा रक्तपुरवठा तुटला की झटका येतो. हा श्रीमंतांचा आजार, हा समज चुकीचा आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ अभ्यासात भारतातील ८९ रुग्णालयांतले २०,४६८ रुग्ण होते. ३० दिवसांत गरिबांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह हे धोके खरेच. मग दोष सवयींचाच नव्हे काय? नव्हे, कारण उपचारांतली तफावत हिशेबात धरताच हा फरक नाहीसा झाला. शिवाय उपचार उशिरा सुरू होतात : छातीतली कळ पित्ताची समजून सोडा पिण्यात, मग गाडी शोधण्यात वेळ जातो. याच अभ्यासात तीव्र झटक्याच्या रुग्णांत रुग्णालयात पोचेपर्यंतचा हा विलंब मध्यमानाने ३६० मिनिटांचा होता. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांतच खरे गुणकारी ठरते, म्हणून ईसीजी आणि हे औषध तालुक्याच्या रुग्णालयातच मिळायला हवे.