नियम ‘जी’ आणि मोहोरबंद बाटली : अमेरिकी रेल्वेतील नशाचाचणीचा इतिहास

अमेरिकेत कामाच्या ठिकाणी घेतल्या जाणाऱ्या मद्य व अमली पदार्थांच्या चाचण्यांना आज जे नियमबद्ध रूप आले आहे, त्याची जडणघडण बऱ्याच अंशी रेल्वेमार्गांवर झाली. तेथील रेल्वे कंपन्यांच्या नियमपुस्तकांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मद्यबंदीचे कलम होते आणि ते ‘नियम जी’ या नावाने ओळखले जाई. कामावर असताना मद्य घेण्यास किंवा जवळ बाळगण्यास त्याने मनाई होतीच. शिवाय ज्या काळात कामाचे बोलावणे केव्हाही येऊ शकते, त्या काळातही मद्य वर्ज्य होते. मालगाड्यांवरील कर्मचाऱ्यांना ठरलेली वेळ नसे व रात्री-अपरात्री बोलावणे येई, हे लक्षात घेतले म्हणजे या शेवटच्या अटीचा जाच ध्यानात येतो.

नियम कडक असला तरी तो मोडला गेल्याचे ठरवण्याचे साधन पर्यवेक्षकाच्या नाकाडोळ्यांपलीकडे नव्हते. तोंडाला येणारा वास, अडखळणारी जीभ आणि डोळ्यांची लाली यांवरून निर्णय होई, आणि दोषी ठरलेल्याला बहुधा नोकरी गमवावी लागे. एका शब्दाने सहकाऱ्याच्या घरची चूल विझणार असेल, तर तो शब्द उच्चारायला माणूस धजत नाही. त्यामुळे नियम जितका कठोर, तितके त्याच्याभोवतीचे मौन गडद, अशी अवस्था झाली. वास्तविक श्वासातील अल्कोहोल मोजणारे ‘ब्रेथालायझर’ हे यंत्र रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी 1954 मध्येच तयार केले होते. म्हणजे उणीव यंत्राची नव्हती. चाचणी कोणाची, कधी व कोणत्या अधिकाराने घ्यायची आणि निष्कर्षाचे पुढे काय करायचे, हे सांगणारी, कामगारांना मान्य होईल अशी चौकट मात्र उभी राहिली नव्हती.

1972 ते 1983 या काळात मद्य किंवा अमली पदार्थ कारणीभूत असलेले किमान 21 मोठे रेल्वे अपघात झाले व त्यांत 25 माणसे दगावली, अशी नोंद संघराज्याच्या रेल्वे प्रशासनाने केली आणि 1985 मध्ये नियमावली जाहीर केली. मोठ्या अपघातानंतर संबंधित कर्मचाऱ्यांचे रक्त व लघवी तपासणे तिने बंधनकारक केले. तसेच सबळ संशय असल्यास श्वास व लघवीची चाचणी घेण्याची मुभा कंपन्यांना दिली. या नियमावलीचा त्याहून दूरदर्शी भाग फारसा चर्चिला जात नाही. जो कर्मचारी स्वतःहून व्यसनाची कबुली देईल किंवा ज्याच्याविषयी सहकारी सूचना देईल, त्याला उपचार घेऊन नोकरीवर परतण्याची वाट तिने खुली ठेवली. जुन्या नियमाने निर्माण केलेले मौन मोडण्याचा हा एक गंभीर प्रयत्न होता.

4 जानेवारी 1987 रोजी मेरीलँड राज्यातील चेस गावाजवळ कॉनरेल कंपनीची तीन जोडलेली इंजिने थांब्याचा सिग्नल ओलांडून मुख्य मार्गावर आली आणि वॉशिंग्टनहून बोस्टनकडे वेगाने निघालेली अ‍ॅमट्रॅकची प्रवासी गाडी त्यांवर आदळून 16 जण मृत्युमुखी पडले. इंजिनावरील दोघा कर्मचाऱ्यांच्या नमुन्यांत गांजाचे अंश आढळले. चालकाला सावध करणाऱ्या शिट्टीचा आवाजही चिकटपट्टी लावून दाबलेला होता. अधिक व्यापक सक्तीच्या चाचण्यांची मागणी यानंतर जोर धरू लागली. मात्र त्याच वर्षी, रेल्वे अपघातांतील नमुने तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेच्या प्रमुखाने रक्ताच्या चाचण्या न करताच निष्कर्ष नोंदवल्याचे उघडकीस आले. ज्या कागदावर कामगाराची नोकरी व अब्रू अवलंबून, तोच खोटा निघाल्याने कामगार संघटनांचा अविश्वास निराधार नव्हता, हे मान्य करावे लागते.

एप्रिल 1988 मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने संघराज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी जी कार्यपद्धती ठरवून दिली व जी पुढे परिवहन क्षेत्रानेही स्वीकारली, तिच्यातील बारकावे या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजेत. शौचकुपातील पाणी निळे करून ठेवायचे, म्हणजे ते लघवीच्या नमुन्यात मिसळता येत नाही. नमुना देताच चार मिनिटांच्या आत त्याचे तापमान पाहायचे. बाटली कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत मोहोरबंद करायची आणि ती ज्या ज्या हातांतून जाईल त्या प्रत्येकाची सही घ्यायची. या शेवटच्या नोंदीला ‘ताब्याची साखळी’ म्हणता येईल. प्राथमिक चाचणीत अमली पदार्थाचे अंश दिसले, तरी वेगळ्या व अधिक अचूक रासायनिक पद्धतीने खात्री झाल्याखेरीज दोष ठरत नाही, आणि त्यानंतरही एखाद्या औषधामुळे तसा निष्कर्ष आला काय, हे स्वतंत्र वैद्यकीय परीक्षक तपासतो.

दरम्यान, विशिष्ट व्यक्तीविषयी संशय नसताना तिची चाचणी घेणे ही बेकायदा झडती आहे, असा रेल्वे संघटनांचा दावा सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. 21 मार्च 1989 रोजी न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी सरकारचा पक्ष मान्य केला. प्रवाशांच्या सुरक्षिततेची ‘विशेष गरज’ नेहमीच्या वॉरंटच्या अटीपेक्षा मोठी आहे, असे न्यायमूर्ती केनेडी यांच्या निकालपत्राचे प्रतिपादन होते; न्यायमूर्ती मार्शल यांनी त्याला तीव्र विरोध नोंदवला. संघटनांचा एक मुद्दा या निकालाने निकाली निघाला नाही, तो असा की लघवीतील गांजाचे अंश सेवनानंतर कित्येक दिवस टिकतात, म्हणून त्यांवरून कर्मचारी कामाच्या क्षणी नशेत होता असे सिद्ध होत नाही.

ऑगस्ट 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत युनियन स्क्वेअरजवळ मद्यधुंद चालकाची गाडी घसरून पाच प्रवासी ठार झाले आणि दोनच महिन्यांनी काँग्रेसने संमत केलेल्या कायद्याने रेल्वेसह विमाने, ट्रक, बस व शहरी वाहतूक यांतील सुरक्षेशी निगडित कर्मचाऱ्यांच्या मद्यचाचण्याही बंधनकारक केल्या. नमुन्याचे दोन भाग करून दुसरा भाग वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला मिळाला, हे या कायद्याचे मोठे देणे होय. 2023 मध्ये परिवहन विभागाने अलीकडचे सेवन दाखवणाऱ्या लाळेच्या चाचणीलाही मान्यता दिली. परंतु मूळ व दुसरा नमुना तपासण्यासाठी किमान दोन प्रमाणित प्रयोगशाळा उपलब्ध झाल्याशिवाय ती सुरू करता येणार नाही, अशी अट त्याच नियमात आहे.