मोबिलिटी स्कूटर : बॅटरीची निवड

चालणे अवघड झालेल्या व्यक्तीला एकट्याने घराबाहेर पडता यावे म्हणून केलेले, विजेवर चालणारे तीन किंवा चार चाकांचे छोटे वाहन म्हणजे मोबिलिटी स्कूटर. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲलन थीम यांनी १९६८ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या कुटुंबीयासाठी बनवलेली ‘अमिगो’ ही या प्रकारातील सुरुवातीची गाडी. भारतात विजेची व्हीलचेअर आणि कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची बॅटरीवर चालणारी तीनचाकी अधिक दिसते. बॅटरी निवडताना पाहायच्या गोष्टी बहुतांशी त्याच.

बहुतेक स्कूटर २४ व्होल्टवर चालतात. त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडणीत बसवतात. अशा जोडणीत दोघींतून सारखाच प्रवाह वाहतो, त्यामुळे कमकुवत बॅटरी आधी रिकामी होते आणि तरीही तिच्यातून प्रवाह ओढला जात राहतो. एकच बॅटरी बदलली तर जुनी लवकर संपते आणि नवीचेही आयुष्य घटते. म्हणून दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या घ्याव्यात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे १२ व्होल्ट हा आकडा पाहून मोटारीची बॅटरी बसवणे. मोटारीच्या बॅटरीला इंजिन चालू करण्यापुरता काही सेकंद प्रचंड प्रवाह द्यायचा असतो. म्हणून तिच्यात पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. स्कूटरची बॅटरी तासन्‌तास रिकामी होत जाते आणि रात्री पुन्हा भरली जाते. हे वारंवार सोसायला जाड पट्ट्यांची ‘डीप सायकल’ बॅटरीच लागते. घरच्या इन्व्हर्टरची पाणी घालायची बॅटरीही चालत नाही : गाडी कलली तर आम्ल सांडते आणि चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. दुकानात ‘चालेल हो’ असे सहज म्हटले जाते. चढावर अडकून पडतो तो मात्र गाडीवर बसलेला माणूस.

क्षमता ॲम्पिअर-तासांत मोजतात. शिसे-आम्ल बॅटरीवरचा आकडा सहसा वीस तासांच्या दराने दिलेला असतो : ३५ ॲम्पिअर-तास म्हणजे १.७५ ॲम्पिअरने वीस तास. स्कूटरची मोटर, विशेषतः चढावर, याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि त्या वेगाने प्रत्यक्ष हाती येणारी क्षमता कमी भरते. मूळ आकड्यापेक्षा कमी क्षमतेची बॅटरी घेऊ नये. जास्तीची घ्यायची तर ती खोक्यात मावते का, तारा टर्मिनलपर्यंत पोहोचतात का, हे आधी मोजावे. धन टोक डावीकडे की उजवीकडे एवढ्यावरूनही बॅटरी परत करावी लागते.

बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरीचे दोन प्रकार. एजीएममध्ये आम्ल काचतंतूंच्या पातळ गादीत शोषलेले असते, तर जेलमध्ये सिलिकामुळे घट्ट झालेले. जेल बॅटरी खोल डिस्चार्ज अधिक सोसते; जास्तीचे व्होल्टेज मात्र तिला मानवत नाही, म्हणून चार्जर जेलला चालतो याची खात्री हवी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाला निम्म्याहून हलकी असते आणि जास्त वर्षे टिकते. पण तिला वेगळा चार्जर लागतो आणि दोन नग एकसर जोडायला निर्मात्याची परवानगी लागते. उतारावर मोटर उलट प्रवाह बॅटरीत पाठवते; बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिचे संरक्षक सर्किट तो नाकारून पुरवठा तोडू शकते आणि गाडी गचकन थांबते. शिवाय जवळजवळ रिकामी होईपर्यंत तिचे व्होल्टेज फारसे उतरत नाही, त्यामुळे शिसे-आम्लासाठी बनवलेला, चार्ज किती उरला ते दाखवणारा गाडीवरचा काटा फसवतो. स्कूटरच्या निर्मात्याने लिथियमला स्पष्ट मान्यता दिली नसेल तर एजीएम किंवा जेलच बरी.

घेताना उत्पादनाची तारीख पाहावी आणि मल्टिमीटर लावावा. चांगली भरलेली बॅटरी न जोडता १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, आकडा १२.४ च्या खाली असेल तर ती न भरता बराच काळ पडून राहिलेली असण्याची शक्यता मोठी. रिकामी राहिलेल्या बॅटरीत शिशाच्या सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि गेलेली क्षमता सहसा परत येत नाही. उष्णतेने आयुष्य आणखी घटते : तापमान २५ अंशांवरून ३५ वर गेले की ते ढोबळमानाने निम्मे होते. विदर्भातल्या उन्हाळ्यात गाडी पत्र्याखाली ठेवू नये.

जुन्या बॅटऱ्या काढण्यापूर्वी जोडणीचा फोटो काढून ठेवावा. धन-ऋण उलटे लागले तर कंट्रोलर जळू शकतो. काढलेल्या बॅटऱ्यांत शिसे असते. त्या कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडेच द्याव्यात. भारतात २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.