मानसिक आरोग्य व संघातून माघार (क्रिकेट)

नैराश्य, चिंताविकार, पॅनिकचे झटके किंवा साचत गेलेला मानसिक थकवा यांमुळे व्यावसायिक क्रिकेटपटूने दौरा अर्धवट सोडणे, निवडीसाठी उपलब्ध नसल्याचे कळवणे किंवा काही काळ संघापासून दूर राहणे. स्नायू दुखावला तर एमआरआयचा अहवाल पुढे करता येतो. येथे तशी सोय नाही. म्हणून मंडळाच्या पत्रकाला आणि संघव्यवस्थापनाच्या वागण्याला या विषयात निर्णायक महत्त्व आहे.

कारणे : घरापासून महिनोन्‌महिने दूर राहणे, हॉटेलातील एकटेपणा, संघातील जागेची अनिश्चिती ही कारणे वारंवार सांगितली जातात. एका चुकीनंतर फलंदाजाला उरलेला दिवस तंबूत बसून काढावा लागतो. करोनाकाळातील जैवसुरक्षित वलयांनी (२०२०–२१) हा ताण वाढवला. कोणत्याही एका खेळाडूबाबत एकच कारण ठामपणे सांगता येत नाही.

ट्रेस्कॉथिक प्रकरण : मार्कस ट्रेस्कॉथिक (७६ कसोटी, ५,८२५ धावा, १४ शतके) हा इंग्लंडचा डावखुरा सलामीवीर. फेब्रुवारी २००६ मध्ये भारत दौऱ्यावर असताना वडोदऱ्याच्या सराव सामन्यादरम्यान तो कोलमडला आणि मायदेशी परतला. कारण कौटुंबिक असल्याचे सांगण्यात आले. पुढे त्याने स्वतः विषाणुसंसर्गाचा दाखला दिला. त्यामुळे तर्ककुतर्कांना ऊत आला. पर्यायी खेळाडू म्हणून वेस्ट इंडीजहून बोलावलेल्या ॲलिस्टर कुकने नागपूर कसोटीत पदार्पणातच ६० आणि नाबाद १०४ धावा केल्या. नोव्हेंबर २००६ मध्ये ॲशेस मालिकेआधी ट्रेस्कॉथिक सिडनीहून परतला. या वेळी मंडळाने तणावाशी निगडित आजार उलटल्याचे जाहीर केले. मार्च २००८ मध्ये सॉमरसेट संघाबरोबर दुबईला जाताना त्याला हीथ्रो विमानतळावरून पुढे पाऊल टाकता येईना. तेथील एका दुकानाच्या कोपऱ्यात त्याला रडू कोसळले. त्याच महिन्यात त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडले. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या आत्मचरित्राने हा आजार क्रीडाविश्वापुढे उघडपणे मांडला. कौंटी क्रिकेट तो २०१९ पर्यंत खेळला आणि पुढे इंग्लंडचा फलंदाजी प्रशिक्षक झाला. माघार म्हणजे कारकिर्दीचा शेवट नव्हे, याचा हा सर्वांत भक्कम पुरावा होय.

इंग्लंडमधील इतर : ग्रॅहम थॉर्प २००२ च्या लॉर्ड्स कसोटीनंतर (वि. भारत) दूर झाला व २००३ मध्ये ओव्हलवर १२४ धावा करून परतला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या नैराश्याविषयी कुटुंबीय जाहीरपणे बोलले. मायकेल यार्डीने २०११ चा विश्वचषक अर्धवट सोडला. जोनाथन ट्रॉट नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्रिस्बेन कसोटीनंतर (१० व ९ धावा) मायदेशी परतला. त्याच्या आजाराच्या स्वरूपावरून मतभेद झाले. बेन स्टोक्स जुलै २०२१ मध्ये भारताविरुद्धच्या मालिकेआधी थांबला, त्याच वर्षी परतला आणि एप्रिल २०२२ मध्ये कसोटी कर्णधार झाला.

ऑस्ट्रेलिया : ग्लेन मॅक्सवेलने ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲडलेडला श्रीलंकेविरुद्ध २८ चेंडूंत ६२ धावा फटकावल्या आणि काही दिवसांतच विश्रांती घेतली. मंडळाने कारण लपवले नाही. फॉर्म आणि प्रकृती या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या खेळीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. विल पुकोव्हस्कीनेही त्याच मोसमात माघार घेतली.

भारत : विराट कोहलीने नोव्हेंबर २०१९ मध्ये इंदूर येथे मॅक्सवेलची बाजू घेतली आणि २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यातील (१० डावांत १३४ धावा) स्वतःची मनःस्थिती सांगितली, ती तेव्हा कुणाला सांगता आली नव्हती, असेही तो म्हणाला. इशान किशन डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कसोटी मालिकेतून बाहेर पडला. मंडळाच्या पत्रकात वैयक्तिक कारण होते. वृत्तपत्रांनी मानसिक थकवा म्हटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळाच्या वार्षिक करारयादीत त्याचे आणि मुंबईच्या श्रेयस अय्यरचे नाव नव्हते. देशांतर्गत सामन्यांना प्राधान्य द्यावे, अशी शिफारस मंडळाने तेव्हा केली. किशनची माघार आणि करारयादीतून वगळले जाणे यांचा परस्परसंबंध वादग्रस्त आहे. एप्रिल २०२५ मध्ये दोघेही यादीत परतले.

महिला क्रिकेट : इंग्लंडची यष्टिरक्षक सारा टेलर २०१६ मध्ये थांबली, २०१७ च्या विश्वविजेत्या संघात होती, २०१९ मध्ये निवृत्त झाली.

आर्थिक बाजू : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या रणजी संघांतील बहुतेक खेळाडूंना मंडळाचा वार्षिक करार नाही, कमाई सामन्यावर ठरते. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात. म्हणजे चार दिवसांचा एक सामना सोडला तर १.६ ते २.४ लाख रुपये बुडतात, शिवाय जागा दुसऱ्याकडे जाते. अशा खेळाडूने आजार अंगावर काढला तर त्याला दोष देता येत नाही. नामवंतांच्या कबुलीने वाट मोकळी केली. पण आजारपणातही मानधन आणि संघातील जागा शाबूत राहील, अशी हमी मिळाल्याशिवाय सामान्य रणजीपटूला ती वाट चालता येणार नाही.